पंधरा सेकंदांची शेवंताकाकी

रहिमतपुरात आम्ही बिऱ्हाड मांडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. काठोकाठ भरलेला. "सायेब, ह्यो तेवढा तुळशीपशी न्हेऊन ठिवा. सांडू नका," एवढे बोलून ते बाजूला झाले. मला वाटले, या घरची काहीतरी रीत असेल. नव्या भाडेकरूने आल्याआल्या रीत कशाला मोडावी, म्हणून मी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि पाण्यावर नजर ठेवून अंगण ओलांडू लागलो. निम्मे पाणी माझ्या लेंग्यावर सांडले. बाजूने घर्रर्र असा आवाज येत होता. वळून पाहतो तर घरमालक एक गुडघा टेकून बसले होते आणि मुठीत मावेल एवढ्या काळ्या यंत्रातून माझ्याकडे बघत होते.

"झकास!" ते म्हणाले. "लेंगा भिजला तवा त्वांड काय केलं हो तुमी! लय भारी आलं."

हे सुभेदार आप्पा निकम. लष्करातून निवृत्त होऊन घरी आलेले. उंची सहा फूट, पाठ ताठ, आणि घरात अजूनही खाकी हाफपँट. वर मात्र गावची खिशाची बंडी. अंगण ते स्वतः झाडत. "शेवंता झाडती चांगलं, पर लाइन सरळ येत न्हाई," ही बायकोविषयीची तक्रार. एका वाक्यात तीन भाषा सहज नांदत. "लाइट फर्स्ट क्लास हाय, जल्दी भाईर या!" असे ते सकाळी ओरडले की गल्लीतली शहाणी माणसे मागच्या दाराने निघून जात.

ते यंत्र म्हणजे चावीचा सिनेमा कॅमेरा. आप्पांची तुकडी शांतिसेनेत गाझाला गेली होती, तिथे एका परदेशी सैनिकाकडून त्यांनी तो घेतला. बरोबर दाखवायचे मशीनही होते. कॅमेरा लष्करी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ट्रंकेत राही. एकदा चावी भरली की अर्धा मिनिट चाले. एका रिळात चार मिनिटे. मुंबईहून कच्ची रिळे पोस्टाने यायची आणि धुवायलाही मुंबईलाच जायची. मी पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर होतो, त्यामुळे रिळातले किती उरले याचा अंदाज सांगण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. आप्पांना स्वतःला तो कधीच आला नाही. रीळ नेमके नवरी उंबरा ओलांडताना संपायचे.

तांब्याची हकिकत त्यांनीच मला सांगितली. कॅमेरा घेऊन पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा त्यांनी चुलतभावाचे लग्न टिपले. धुऊन आले, भिंतीवर चादर लावली, सगळी भावकी बघायला बसली. चादरीवर नवरा, नवरी, वऱ्हाडी, सगळे स्तब्ध उभे. हात मांडीला चिकटवून, श्वास रोखून, डोळ्यांची पापणीही न हलवता. कारण कोरेगावहून येणारा फोटोवाला सांगायचा, हलू नका, हललात की बिघडलं. आणि लोकांनी ते मनावर घेतले होते. चारही मिनिटे कुणी हलले नाही. मांडवाच्या खांबाला बांधलेली शेळी तेवढी पाला खात होती.

"मग भावकी काय म्हणाली?" मी विचारले.

"काय म्हननार? शेळी लय चांगली आली म्हनले."

तेव्हापासून आप्पांनी माणसे हलवण्याचे उपाय शोधले. आधी 'हला, हला' म्हणून पाहिले; लोक तालमीतल्यासारखे हातवारे करू लागले. मग 'माझ्याकडं बघू नका' म्हणून पाहिले. लोक आभाळाकडे बघू लागले. शेवटी हा तांब्या सापडला. काठोकाठ पाणी हातात आले की माणूस कॅमेरा विसरतो, स्वतःला विसरतो, चार लोक बघताहेत हेही विसरतो. म्हणून आप्पांच्या रिळांत अख्खे रहिमतपूर पाण्याचा तांब्या घेऊन चाललेले असे. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव तांब्या घेऊन चाललाय. तपासणीला आलेले रावसाहेब टोपी सावरत तांब्या घेऊन चाललेत. एका पैलवानाने तांब्या हातात घेतला आणि जागच्या जागी घटाघटा पिऊन टाकला. आप्पा म्हणाले, "त्येबी चांगलं आलं." दुष्काळाच्या साली पाणी सांडणे बरे दिसेना, तेव्हा त्यांनी शेंगदाण्यांनी भरलेले सूप हाती द्यायला सुरुवात केली. त्या रिळांत सगळ्यांच्या मागे कोंबड्या आहेत.

फोटोबद्दल त्यांचे मत ठाम होते. "फोटू हाय त्यो माणूस गेल्यावर भिंतीला लावायला. ह्ये आपलं जित्या माणसाचं काम."

शनिवारी दिवेलागणीनंतर त्यांच्या ओसरीत खेळ होई. शेजारपाजारचे येत. आपण स्वतः चाललोय हे बघताना माणसे जी हसत, तसे हसणे मी थिएटरात कधी ऐकले नाही. "आगं बया, मी अशी फेंगडी चालते व्हय!" असे म्हणून बायका तोंडाला पदर लावत. एखाद्याचे वडील मधल्या काळात गेलेले असत. ते चादरीवर तांब्या घेऊन निघाले की ओसरी गप्प होई, आणि पाणी सांडले की त्यांचाच मुलगा सगळ्यांत आधी हसे.

फक्त शेवंताकाकी कधी बसल्या नाहीत. आप्पांची बायको. ठेंगणी, कामाला वाघ, आवाज नदीपलीकडे जाईल असा. त्यांच्या लेखी कॅमेरा म्हणजे सवत. "आली का ट्रंकेतनं भाईर?" असे विचारत. लोक ओसरीत चादरीवर बघत असत तेव्हा या चुलीपाशी भाकरी थापत असत. "मला काय बघायचं? समदी सकाळच्याला हितनंच जात्यात की."

काकींचे एकच रीळ होते, आणि ते आप्पांनी मला वर्षभरानंतर, काकी माहेरी गेल्या असताना दाखवले. पहिल्या रजेतले. विशी-बाविशीतल्या काकी दोरीवर लुगडे वाळत घालताहेत. नवऱ्याच्या हातात यंत्र पाहून त्या फोटोसाठी ताठ उभ्या राहतात. उभ्या आहेत, उभ्या आहेत. मग कंटाळून काहीतरी विचारतात. ओठांवरून कळते, 'झालं का?' पलीकडून उत्तर येत नाही. मग त्या एकदम फसकन हसतात, ओल्या लुगड्याचा पदर कॅमेऱ्यावर झटकतात, आणि हसत हसत पुढे येतात, इतक्या जवळ की चादरभर नुसता चेहरा. तिथे चावी संपते.

"त्या टायमाला मला ठावंच न्हवतं गडी कसं हलवायचं," आप्पा म्हणाले. "आपसूक झालं." मग त्यांनी ते रीळ उलटे गुंडाळले आणि पुन्हा लावले.

सातारच्या बाजूला एका मराठी चित्रपटाचे चित्रीकरण चालले होते. त्याच्या दिग्दर्शकाला कुणीतरी आप्पांच्या रिळांबद्दल सांगितले आणि एक दिवस जीप आमच्या दारात उभी राहिली. दिग्दर्शक बारीक चणीचे, सतत सिगरेट ओढणारे. त्यांच्या चित्रात नायकाला आपल्या आईची आठवण होते असा प्रसंग होता. नटीला नटवून घेतले की ती नटीच दिसते, म्हणाले. "मला घरात, घरच्या माणसाने काढलेले खरे काहीतरी पाहिजे." आप्पांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि मशीन सुरू केले. दिग्दर्शक सहा रिळे बघत राहिले. मग म्हणाले, "सुभेदार, तुमच्या गावात नळ नाहीत काय हो? सगळे पाणीच वाहताहेत."

आप्पांना ते लागले असावे. त्यांनी ट्रंकेच्या तळातून काकींचे रीळ काढले.

रीळ संपले तेव्हा दिग्दर्शकांच्या बोटांत सिगरेट तशीच जळून गेलेली होती. "ही कोण?"

"मालकीण हाय," आप्पा म्हणाले. "आत भाकऱ्या करती."

"मला हीच पाहिजे."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. घरगुती रिळाला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जी पट्टी निघते तीच धुऊन दाखवायची. ती हरवली की संपले. दुसरी प्रत कुठेच नाही. हे मी दिग्दर्शकांसमोर स्पष्ट बोललो. ते म्हणाले, आम्ही फक्त मोठ्या फिल्मवर नक्कल करून घेऊ, महिन्याभरात रीळ परत. आप्पा रीळ हातात धरून उभे. एवढ्यात आतून आवाज आला, "आवं, देऊन टाका की! डब्यात पडून काय त्येला मोड येणारेत?"

"तुला म्हाईत हाय का कशात काय हाय त्ये?"

"आसंल काय तरी तांब्याचं!"

दिग्दर्शक आप्पांना म्हणाले, "सुभेदार, इथे हे तुम्ही एकटे बघता. तिथे अख्खा महाराष्ट्र बघेल." आप्पांनी रीळ दिले. जीप वळणाआड जाईपर्यंत ते रस्त्यावर उभे होते, आणि मला म्हणाले, "सायेब, पोराला पैल्यांदा साळंत सोडल्यागत वाटाय लागलंय."

महिन्याचे तीन महिने झाले. रीळ एकदाचे पोस्टाने आले. आप्पांनी दुपारीच घोंगड्या लावल्या. दोरी दिसली, लुगडे दिसले, काकी ताठ उभ्या राहिल्या आणि एकदम बैल दिसला. पुढच्या चावीतला, शेतातला बैल. मधले हसणेच नव्हते. आम्ही पट्टी टेपने मोजली. तीन फूट कमी भरली. एका फुटाला पाच सेकंद. म्हणजे पंधरा सेकंद. आप्पांनी विचारणा केली तेव्हा स्टुडिओतून कळले की नक्कल झाल्यावर तेवढा तुकडा यंत्रात अडकून खराब झाला, क्षमस्व.

आप्पा आरडाओरडा करतील असे मला वाटले होते. त्यांनी डबा ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. त्या शनिवारी खेळ झाला नाही, पुढच्याही नाही. गल्लीतली माणसे सकाळी पुढच्या दाराने बिनधास्त जाऊ लागली आणि त्यांनाच ते चुकल्यासारखे वाटू लागले. काकींनी शेवटी मला विचारले, "काय झालंय ह्यास्नी? जेवान सुदीक गोड लागंना." मी सांगितले. त्यांना ते नीट पटले नाही. "तीन फुटासाठी? मी हाय की हितं आख्खी!"

चित्र साताऱ्याला लागले तेव्हा आम्ही चौघे एस.टी.ने गेलो, आप्पा, काकी, मी आणि माझी बायको. काकी इरकली लुगडे नेसल्या होत्या. मध्यंतरानंतर नायक शहरातल्या खोलीत बसतो, भिंतीकडे बघतो, आणि भिंतीवर काकींचा फोटो, आमच्याच रिळातल्या चित्रावरून केलेला. त्याला हार. समोर उदबत्ती. आम्ही काय समजायचे ते समजलो. नायकाच्या आईच्या जागी, एवढे त्यांनी सांगितले होते. ती आई कैलासवासी आहे का, हे आम्ही कुणी विचारले नव्हते. फोटोवरून दृश्य विरघळले आणि पडदाभर काकी उभ्या राहिल्या. 'झालं का?' म्हणाल्या. हसल्या, पदर झटकला, पुढे आल्या. नायकाने टाहो फोडला. थिएटरातल्या बायका हुंदके देऊ लागल्या.

आप्पा उभे राहिले. "आवं, जिती हाय! जिती बाई हाय ही!"

"ओ मिशीवाले, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडले.

बाहेर आलो तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हते. माझी बायको माझ्या कानात म्हणाली, "सवाष्ण बाईच्या फोटोला हार! काय हा अपशकुन." एस.टी. स्टँडवर चहा घेतला. आप्पा कपाकडे बघत म्हणाले, "शेवंता, म्या त्या मानसाला सोडनार न्हाई."

काकी बशीत चहा ओतत होत्या. "कशाला? ब्येस झालं की."

"काय ब्येस झालं?"

"मागल्या साली नदीवर माज्या डोस्क्यावर कावळा बसला हुता," काकी म्हणाल्या. "म्या कुनाला बोलले न्हाई."

माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. आमच्या भागातली समजूत अशी, की जिवंत माणसाच्या डोक्यावर कावळा बसला तर ते मरणाचे लक्षण. त्यावर उतारा म्हणून त्या माणसाच्या नातलगांना खोटी खबर धाडायची, की गेला. ते रडले की पीडा टळते. मग मागाहून दुसरा निरोप पाठवायचा, की आहे, सुखरूप आहे.

"खबर धाडायची हुती म्हायेराला," काकी सांगत होत्या. "पर आई म्हातारी. खरंच धसका घिऊन जायाची. म्हनून ग्वाष्ट पोटात ठिवली. वरीस झालं, जिवाला घोर हुता. आता बघा, आख्खं थेटर रडलं. माझं म्हायेर किती? दहा-बारा मानसं. हितं किती हुती वो सायेब?"

"सातशेच्या आसपास," मी म्हणालो. खुर्च्यांच्या रांगा मी मोजल्या होत्या.

"सातशे! त्येबी तिकीट काढून रडली." आणि काकी हसल्या. ते हसणे मी नुकतेच पडद्यावर पाहिले होते, म्हणून सांगतो, त्यात काडीचा फरक नव्हता. मग त्या आप्पांना हळूच म्हणाल्या, "आवं, पर म्या अशी हुते?"

"व्हय."

"मला कवा दावलं न्हाई तुमी."

"तू कवा बसलीस गं बघायला?"

परतीच्या एस.टी.त काकी खिडकीशी बसल्या होत्या. कोरेगाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "परत कवा जायाचं?"

तिथून आप्पांचा त्या चित्रपटाचा पाठलाग सुरू झाला. काकींचे ते हसणे आता जगात फक्त त्या चित्रातच उरले होते, म्हणून चित्र जाईल तिथे हे जोडपे जाई. माझी सांगलीला बदली झाली, आणि सांगलीत चित्र लागले तेव्हा दोघे आमच्याकडे उतरले. आप्पा दारावरच्या माणसाला सांगत, "ह्या पिक्चरमधी आमची मंडळी हाय." तो यांच्याकडे बघे, काकींकडे बघे, आणि तिकीट फाडी. पण सांगलीला एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. साताऱ्याला पंधरा सेकंद असलेला तुकडा सांगलीत बाराच भरला. फिल्म तुटते, ऑपरेटर तुटलेला भाग कापून पुन्हा जोडतो, प्रत्येक गावात काकी थोड्या थोड्या कमी होत होत्या. वर पडदाभर पाऊस पडल्यासारख्या रेघा. मी आप्पांना सांगितले. न सांगितलेले बरे झाले असते, पण आकडा चूक सांगणे मला जमत नाही.

आप्पा रात्रभर विचार करत असावेत. सकाळी आमच्या घराच्या गच्चीवर चहा पिताना म्हणाले, "सायेब, त्येंनी आमच्या रिळावरनं त्येंच्या फिल्मवर काढलं. आपुन त्येंच्या पडद्यावरनं आपल्या रिळावर काढायचं."

चित्र पुसेगावच्या यात्रेत तंबूत लागले तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो. पहिला खेळ. तंबूत बायका पुढच्या अंगाला, पुरुष मागे, सगळे जमिनीवर. आप्पांनी तंबूवाल्याशी आधीच बोलणी करून मधल्या खांबाला कॅमेरा पट्ट्याने बांधला होता. चावी भरून तयार. मी घड्याळ हातात घेऊन शेजारी. नायक खोलीत आला, भिंतीकडे वळला, आणि मी म्हटले, "आता." घर्रर्र सुरू झाले. हार, उदबत्ती, दोरी, लुगडे. काकी ताठ उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पुढे कुणी बाई मोठ्याने रडू लागली. म्हातारी होती, माणदेशातून यात्रेला आलेली. "माजी लेक म्हाळसा आशीच हसायची गं," म्हणून तिने गळा काढला. आणि बायकांच्या गर्दीतून आमच्या काकी उठल्या. भर पडद्यासमोर.

"आजे, रडू नगंस! आगं म्या जिती हाय! ही बघ, मीच हाय त्यी!"

"शेवंता, बस खाली!" आप्पा ओरडले. "बस खाली, रीळ चाललंय!"

"थांबा वो, म्हातारी रडतीया हितं!"

तंबूत कल्लोळ झाला. चावी संपली. नायकाची आठवणही संपली होती. चित्राची ती प्रत त्या यात्रेनंतर बाद होणार, असे तंबूवाल्याने सांगितले. आप्पा खांबावरचे पट्टे सोडू लागले.

रीळ धुऊन आले ते घेऊन दोघे सांगलीला आमच्याकडेच आले. रहिमतपुरात एकट्याने लावायचा धीर झाला नसावा. आम्ही दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर चादर लावली. काकी पहिल्यांदाच चादरीसमोर मांडी घालून बसल्या, जरा बिचकूनच. चित्र अंधूक होते, कडा दिसत नव्हत्या, पण होते. दोरी, लुगडे, विशीतली काकी. मग खालून एक काळे डोके वर आले, पदर घेतलेले. एक हात हलू लागला, म्हातारीला समजावू लागला. आणि त्या काळ्या डोक्याच्या वर, दोन्ही बाजूंनी, ती तरुण बाई हसत पुढे येत राहिली, चादरभर होईपर्यंत.

मशीन थांबले. काकी हळूच म्हणाल्या, "माझंच डोस्कं मधी आलं की वो."

आप्पांनी दिवा लावला नाही. "दोघीबी आल्या," ते म्हणाले. "दोघीबी हालत्यात." त्यांनी रीळ गुंडाळले आणि पुन्हा लावले.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो. सांगली-सातारा गाडी हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांच्या रांगेमागे अडकली होती, म्हणून मला ते बराच वेळ खिडकीत दिसत राहिले. आप्पांच्या मांडीवर रिळाचा डबा, त्यावर दोन्ही हात. शेजारी काकी, आणि त्यांचा तो नदीपलीकडे जाणारा आवाज: "चार लोकांत मला बस खाली म्हनला! यात्रंत! तांबडं लुगडं नेसल्याली बाई मी, आन् बस खाली म्हनं!" आप्पा समोर बघत मान डोलवत होते. गाडी हलली तरी ते बोलणे चालूच होते.